मडगार्डमागची टाकी

पहिल्या पावसात पुणे-सातारा रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडालेला चिखल काचेवर बसला की नुसता वायपर फिरवून भागत नाही. पाणी कमी आणि चिखल जास्त असेल, तर वायपर तो चिखल काचभर सारवून ठेवतो आणि समोरचं दिसेनासं होतं. अशा वेळी कांडी ओढल्याबरोबर काचेवर पाणी यायलाच हवं. ब्रेक जरा कुरकुरला तर आपण त्याच दिवशी गॅरेज गाठतो, वॉशर बंद असलेली गाडी मात्र महिनोन्महिने पळवतो. मला हे अजिबात पटत नाही. ब्रेक दाबायचा तरी आधी समोरचं दिसावं लागतं.

आमच्या गाडीच्या वॉशरची टाकी पुन्हापुन्हा भरावी लागत होती आणि एक दिवस पाणी यायचंच थांबलं. अशा वेळी थेट नवी मोटर आणून बसवणारे पुष्कळ असतात. मोटर का गेली, हे त्याआधी विचारायला हवं.

पहिली परीक्षा कानांनी करायची. इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची, एकाने कांडी ओढायची आणि दुसऱ्याने पुढच्या चाकाशी कान द्यायचा. शेजारचा कॉलेजातला मुलगा स्टिअरिंगवर बसला होता. ‘काका, ओढलीये!’ तो म्हणाला. चाकाजवळ काहीच ऐकू आलं नाही. गुणगुण ऐकू आली असती, तर मोटर चालू आहे आणि दोष पाइपात किंवा नोझलमध्ये आहे, असं समजलो असतो. फ्यूज शाबूत होता. म्हणजे खाली जाणं भाग होतं.

बॉनेट उघडल्यावर दिसतं ते फक्त भरायचं तोंड आणि त्यावरचं झाकण. टाकी असते मडगार्डच्या आत, बम्परच्या मागे. गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, खाली स्टँड हवाच. चाक निघालं की काळं प्लॅस्टिकचं अस्तर दिसतं. त्याच्या क्लिपांची मधली खुंटी आधी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने वर उचलावी लागते, मगच क्लिप सुटते. जुन्या क्लिपा उन्हाने आणि चिखलाने कडक झालेल्या असतात आणि बऱ्याचशा तुटतात, म्हणून नव्या जवळ असलेल्या बऱ्या.

अस्तराच्या मागे वाळलेला चिखल आणि पाला, आणि त्यामागे दुधी रंगाची टाकी. मोटरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. मुलाने कांडी ओढताच काटा बारा व्होल्टच्या आसपास गेला. वीज येत होती आणि मोटर फिरत नव्हती, म्हणजे मोटरच गेली होती.

ही मोटर स्क्रूने बसवलेली नसते. तिची मान टाकीला लावलेल्या रबरी बुचात घट्ट दाबलेली असते. हलकेच पिळत ओढली की ती निघते आणि उरलंसुरलं पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत जातं. खाली टब ठेवलेला बरा. टाकी बाहेर काढून उजेडात धरली आणि सगळा उलगडा झाला. बोल्ट जिथे बसतो त्या कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर होती, आणि चिरेभोवती पांढरी कड. आमच्याकडे बोअरचं पाणी; ते झिरपून वाळत गेलं आणि क्षार मागे ठेवत गेलं. चीर टाकीच्या खालच्या भागात असल्यामुळे टाकी कितीही भरली तरी पाणी उतरत उतरत तिथवरच यायचं. उरलेलं थोडंसं पाणी चार फवाऱ्यांत संपायचं आणि मोटर कोरडी फिरत राहायची. या मोटरीला थंड ठेवायचं आणि तिच्या सीलला ओलं ठेवायचं काम तिच्यातून जाणारं पाणीच करतं. नुसती मोटर बदलली असती, तर त्याच चिरेने नवीही मारली असती.

नवी टाकी आणि मोटर आणायला गेलो, तेव्हा नाना पेठेतल्या दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, ‘मागच्या काचेला वायपर आहे का?’ प्रश्न अगदी नेमका होता. मागेही वॉशर असलेल्या अनेक गाड्यांत एकच मोटर दोन्ही काचांना पाणी देते. एका दिशेने फिरली तर पुढे, उलटी फिरली तर मागे. आतला लहानसा पडदा दाबाप्रमाणे एक वाट बंद करतो आणि दुसरी उघडतो. इतक्या स्वस्त वस्तूत इतकी अक्कल भरलेली पाहून मला मनापासून आनंद होतो. १९६०च्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर मोटरच नव्हती. स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर काचेला पाणी मिळायचं.

बसवताना रबरी बूच नवंच घ्यावं आणि त्याला फक्त पाणी लावावं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगण्याची भीती असते. दोन्ही पाइप ज्याच्या त्याच्या तोंडाला बसवावेत. अदलाबदल झाली तर पुढचं बटण मागची काच धुतं. टाकीचे बोल्ट बेताने आवळावेत, कारण जास्त आवळल्यानेही कान तडकतो. अस्तर चढवण्याआधी टाकी काठोकाठ भरून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी बूच आणि सांधे कोरडे होते, तेव्हाच चाक लावलं. नट समोरासमोरच्या जोडीने आवळले आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर पुन्हा एकदा पक्के केले.

टाकीत आता बोअरचं पाणी जात नाही. आरओचं पाणी आणि वॉशरचं तयार द्रावण, एवढंच. भांड्यांचा साबण किंवा शाम्पू घालणं बंद करावं. त्याचा फेस काचेवर राहतो आणि साका जाळीत व नोझलमध्ये बसतो. शेवटी बारीक टाचणीने नोझलची तोंडं थोडी वर वळवली, कारण वेगात वारा फवारा खाली दाबतो आणि उभ्या गाडीत काचेच्या मधोमध पडणारं पाणी हायवेवर काचेच्या बुडाशी पडतं.