रेंज नसताना ‘मी इथे आहे’ कसं सांगायचं? : एपीआरएस

आज एपीआरएस, पण आधी एक गैरसमज काढू. ‘फोनचं जीपीएस ऑन आहे, म्हणजे मी कुठे आहे ते घरच्यांना दिसेल.’ नाही दिसणार. जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रहांच्या सिग्नलवरून फोन स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुम्ही आहात हेही माहीत नसतं. ती जागा दुसऱ्याला कळवायला नेट लागतं. रेंज गेली की तुमची जागा फक्त तुम्हालाच माहीत!

हॅम रेडिओवाले ही जागा थेट रेडिओवरून पाठवतात. अक्षांश-रेखांश घ्यायचे, आपलं कॉलसाइन जोडायचं, छोटं पॅकेट बनवायचं आणि ते १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत व्हीएचएफवर सोडायचं. ऐकायला जुन्या मोडेमसारखी खरखर. उंचावर बसवलेला डिजिपीटर ते ऐकून पुन्हा प्रसारित करतो. वाटेत आयगेट असेल तर तो पॅकेट इंटरनेटवर टाकतो, मग एपीआरएस डॉट एफआय या साइटच्या नकाशावर कोणीही बघू शकतं.

नेटवर्किंग शिकलेल्यांसाठी: हे यूडीपी आहे, टीसीपी नाही. आपली जागा पोचली का, हे कोणी उलट कळवत नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाठवायची, बस.

किती वेळाने? खरी गंमत इथे आहे. वेग सेकंदाला फक्त १२०० बिट. १०० बाइटचं पॅकेट म्हणजे ८०० बिट, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आसपास. रेडिओ चालू व्हायचा वेळ धरला तर साधारण एक सेकंद. चॅनल सगळ्यांचा एकच. दहा जणांनी दर दहा सेकंदांनी पाठवलं की चॅनल फुल, आणि डिजिपीटरने तेच परत म्हणायला जागाच नाही. म्हणून शहाणे ट्रॅकर सरळ रस्त्यावर गप्प राहतात, वळणावर पाठवतात आणि गाडी थांबली की क्वचितच बोलतात. मला हे कोड म्हणूनही फार आवडतं.

ही पद्धत अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांची. कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर, नावातला ‘एपीआर’ दिसला ना? लोक हिला गाड्या ट्रॅक करायची सिस्टिम म्हणायचे, ते त्यांना पटत नसे. त्यांच्या मते आसपास काय चाललंय ते सगळ्यांना लगेच कळावं, हा मूळ हेतू: छोटे मेसेज, हवामान, सगळं. २०२२ मध्ये ते गेले.

आता दोन सावध सूचना. एक, हॅम बँडवर मजकूर लपवायची परवानगी नसते, त्यामुळे तुमची जागा जगजाहीर. घराजवळ ट्रॅकर बंद ठेवा, किंवा शेवटचे आकडे रिकामे सोडून जागा मुद्दाम ढोबळ करा. तशी सोय त्यात आहेच. दोन, व्हीएचएफ डोंगरापलीकडे सहसा जात नाही. खोल दरीत, जवळपास डिजिपीटर किंवा ऐकणारं स्टेशन नसेल, तर पॅकेट हवेतच विरतं. ट्रेकला निघताना ‘माझ्याकडे एपीआरएस आहे’ म्हणून घरी परतीची वेळ न सांगता जाऊ नका.

डोक्यावरून मात्र आडकाठी नाही! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर चालू असला की १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून पॅकेट परत पाठवतो. एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

पाठवायला लायसन्स लागतं, त्यासाठी परीक्षा. तिचा अभ्यास कसा करायचा ते पुढच्या एपिसोडमध्ये.