घरातील व शाळेतील मुंग्यांचा बंदोबस्त आणि विषारी औषधांविषयी दक्षता

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास पावसाच्या पहिल्या सरी येतात. जमिनीतील बिळांत पाणी शिरू लागले म्हणजे मुंग्या आपली पिले तोंडात धरून कोरड्या जागेकडे निघतात आणि भिंतींच्या फटींतून, उंबऱ्याखालून घरात व शाळेत प्रवेश करतात. शालेय पोषण आहाराच्या कोठीत गूळ, तेल, डाळी व तांदूळ एकत्र ठेवलेले असतात. मुंग्यांच्या रांगा तेथवर पोहोचण्यास एक रात्र पुरते. अशा वेळी गावातील कोणी तरी सद्हेतूने पिकावर फवारण्याच्या औषधाची बाटली आणून देतो आणि ‘चार थेंब टाका, मुंगी दिसणार नाही,’ असे सुचवितो. ही सूचना कोणत्याही शिक्षकाने स्वीकारू नये. ती का स्वीकारू नये व त्याऐवजी कोणते उपाय योजावेत, याचे विवेचन पुढे केले आहे.

मुंग्यांची राहणी

मुंगी हा समूहाने राहणारा कीटक आहे. प्रत्येक वसाहतीत एक अथवा अनेक राण्या असतात व अंडी घालणे हे त्यांचे काम होय. अन्न आणणे, पिले वाढविणे, बीळ खणणे ही सर्व कामे बिनपंखांच्या कामकरी माद्या करतात. पावसाळ्यात मुंग्या तोंडात धरून नेतात त्या पांढऱ्या दाण्यांस लोक ‘अंडी’ म्हणतात. परंतु पुष्कळदा त्या अळ्या किंवा कोश असतात. मुंगीची खरी अंडी फारच बारीक असतात.

घरात दिसणारी रांग ही वसाहतीचा एक लहानसा भाग असते. ज्या मुंगीला अन्न सापडते ती परत जाताना पोटाचे टोक जमिनीला टेकवीत एका गंधद्रव्याची रेघ ओढीत जाते. त्या वासाच्या मागाने दुसऱ्या मुंग्या येतात व त्याही परतताना तीच रेघ अधिक पक्की करतात. अन्न संपले की रेघ ओढणे थांबते, वास उडून जातो आणि रांग मोडते. कामकरी मुंगी पातळ अन्न पोटातील एका पिशवीत साठविते आणि बिळात गेल्यावर तोंडाला तोंड लावून ते इतरांस वाटते. राणीला व पिलांना अन्न मिळते ते असेच. मुंग्यांच्या बंदोबस्ताचे सारे मर्म या दोन गोष्टींत, म्हणजे वासाच्या रेघेत व वाटून खाण्याच्या सवयीत, आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. वाळवीस कित्येकदा ‘पांढरी मुंगी’ म्हटले जाते. परंतु ती मुंगी नव्हे. तिचे कूळ झुरळांच्या जवळचे आहे, तिचे खाद्य लाकूड व कागद हे आहे आणि तिच्यावरील उपायही वेगळे आहेत. पुढील विवेचन वाळवीस लागू नाही.

फवारणीने मुंग्या का हटत नाहीत

रांगेवर औषध फवारले की शेकडो मुंग्या तत्काळ मरतात व काम झाल्याचे समाधान वाटते. तथापि राणी बिळात सुरक्षित असते व अंडी घालण्याचे तिचे काम चालूच राहते. आठ-पंधरा दिवसांत नवी रांग दिसू लागते. मग पुन्हा फवारणी व पूर्वीपेक्षा अधिक औषध, असे चक्र सुरू होते. घरात आढळणारी बारीक पिवळसर फारो मुंगी तर याहून चमत्कारिक वागते. तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारणीचा उपद्रव होताच काही राण्या व कामकरी मुंग्या पिलांसह निराळ्या होऊन दुसरीकडे बिऱ्हाड करतात. परिणामी एका वसाहतीच्या चार वसाहती होतात.

यावरून असे दिसून येईल की, मुंग्या हटत नाहीत याचे कारण औषध सौम्य असणे हे नाही. औषध वसाहतीच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, हे आहे. सबब अधिक जहाल औषध आणल्याने मुंग्यांचा प्रश्न तसाच राहतो आणि मुलांचा धोका मात्र वाढतो.

शेतीची औषधे घरात का नकोत

शहरातील गृहस्थास जहाल कीटकनाशक मिळविण्यास खटपट करावी लागते. खेड्यात ते शेताच्या निमित्ताने घरोघरी आलेलेच असते, आणि म्हणून ते मुंगी, ढेकूण, ऊ अशा कशावरही वापरण्याचा मोह होतो. वस्तुतः ही औषधे उघड्या रानासाठी असतात. तेथे ऊन, वारा व पाऊस यांमुळे त्यांचा अंश हळूहळू कमी होतो. बंद खोलीच्या जमिनीवर व भिंतीवर तो दीर्घकाळ टिकतो. लहान मुले जमिनीवर बसतात, तेथेच जेवतात व हात तोंडात घालतात. मोठ्या माणसास जी मात्रा सोसते ती कमी वजनाच्या मुलास घातक ठरू शकते.

या बाबतीत देशाने दोन कटू अनुभव घेतले आहेत. १९५८ साली केरळ व मद्रास या राज्यांत पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर कीटकनाशकांवरील नियंत्रणाचा विचार सुरू झाला व त्यातून कीटकनाशके अधिनियम, १९६८ अस्तित्वात आला. दुसरा अनुभव शिक्षकांच्या अधिक जवळचा आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी प्राथमिक शाळेतील दुपारचे भोजन घेतल्यानंतर २३ मुले मरण पावली. तपासणीत मोनोक्रोटोफॉस या शेतीच्या कीटकनाशकाचा अंश आढळला. तेलाविषयी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने आधीच शंका बोलून दाखविली होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. या दोन्ही प्रसंगी कोणी जाणूनबुजून अन्नात विष कालवावयास गेले नव्हते असे गृहीत धरले, तरी विष व अन्न एकमेकांजवळ आले एवढे कारण अनर्थास पुरेसे होते.

औषधाच्या डब्यावरील खूण

कायद्यानुसार कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंगावरून औषधाचा जहालपणा समजतो. तांबडा रंग अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा त्या मानाने सौम्य, असा हा क्रम आहे. तांबड्या खुणेच्या औषधांवर कवटी व हाडांचे चित्रही असते. मोनोक्रोटोफॉस याच वर्गातील आहे. अक्षरओळख नसलेल्या पालकासही हे रंग समजावून देता येतात, आणि ते काम शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास चांगले साधणार नाही. हिरव्या खुणेचा अर्थ ‘निर्धोक’ असा नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

पूर्वी घरोघरी मुंग्यांसाठी गॅमेक्सिनची भुकटी टाकीत असत. त्यातील लिंडेन या द्रव्याच्या वापरावर आपल्या देशात २०१३ पासून बंदी आहे. जुन्या कोठीत अशी पुडी सापडल्यास ती वापरू नये. तांदळात ठेवण्याच्या गोळ्यांचाही असाच विचार करावा. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात; हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो व त्यावर उतारा नाही. त्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. शाळेच्या तांदळात त्या कदापि ठेवू नयेत.

शाळांच्या दृष्टीने आणखी एक वस्तू विशेष धोक्याची आहे. ती म्हणजे मुंग्या-झुरळांसाठी बाजारात मिळणारा औषधी खडू. त्यात कीटकनाशक असते व दिसण्यात तो फळ्यावर लिहिण्याच्या खडूसारखाच असतो. खडूचा तुकडा उचलून पाटीवर रेघोट्या ओढणे, प्रसंगी तो चावणे, हे मुलांच्या स्वभावातच आहे. म्हणून असा खडू शाळेच्या आवारात आणू नये.

विषाशिवाय करावयाचे उपाय

पहिला उपाय अन्न बंद करण्याचा. गूळ, साखर व शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत. तेलाच्या डब्याचा बाहेरील ओघळ रोज पुसावा. जेवणानंतर पडवी झाडून ओल्या फडक्याने पुसावी आणि खरकटे शाळेपासून दूर खड्ड्यात टाकावे. तांदळाची पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत.

दुसरा उपाय वाट मोडण्याचा. रांग दिसताच ती कोठून निघते हे आधी पाहून घ्यावे. नंतर साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने संपूर्ण वाट पुसावी. त्यायोगे मुंग्या निघून जातात व वासाची रेघही नाहीशी होते. शेवटी ती फट सिमेंटने किंवा चुन्याने बुजवावी. हळद अथवा हिंग टाकल्याने मुंग्या काही काळ अडतात; परंतु फट उघडी राहिल्यास त्या दुसरी वाट शोधतात.

तिसरा उपाय जुनाच आहे. कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मात्र साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात. याकरिता दर आठवड्यास पाणी ओतून वाट्या घासून घ्याव्यात.

आमिषाचा उपाय

एवढ्यानेही घरातील मुंग्या हटल्या नाहीत तर आमिषाचा उपाय करावा. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर व १ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी. हीच पावडर कॅरमच्या खेळात वापरली जाते. या पाण्यात कापूस भिजवून तो बारीक छिद्रे पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवावा व डबी रांगेजवळ ठेवावी. मुंग्या ते गोड पाणी बिळात नेतात व सर्वांस वाटतात. अशा रीतीने औषध राणीपर्यंत पोहोचते. पावडरीचे प्रमाण वाढवू नये. वाढविल्यास मुंग्या आमिषास तोंड लावीत नाहीत किंवा वाटेतच मरतात. प्रारंभी रांग वाढलेली दिसेल. तरी आठ-दहा दिवस धीर धरावा व त्या काळात ती रांग पुसू नये, तीवर फवारणीही करू नये.

बोरिक पावडर मुलांच्या पोटात गेल्यास अपाय करते. सबब डबीवर ‘विष’ असे लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. शाळेत हा उपाय दीर्घ सुटीतच, स्वयंपाकाच्या जागेबाहेर करावा आणि शाळा भरण्यापूर्वी डब्या मोजून उचलाव्यात. याहून मोठा उपद्रव असेल तर परवानाधारक कीटकनियंत्रकास सुटीत बोलवावे, त्याचा परवाना पाहावा, वापरलेल्या औषधाचे नाव लिहून घ्यावे आणि त्याने सांगितलेला काळ लोटून, जागा धुऊन झाल्यावरच मुलांना आत घ्यावे.

कोठीचे नियम व विषबाधेतील कर्तव्य

कीटकनाशकांची साठवण निराळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात करण्याचा नियम दुकानदारास लागू आहे. घरी पालकांनीही तोच पाळावा. शाळेच्या कोठीत तर असे औषध मुळीच नसावे. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, दूध, पाणी किंवा रॉकेल भरू नये. तो फोडून वस्तीपासून दूर पुरावा. भोजन वाढण्यापूर्वी शिक्षकाने व स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने ते चाखावे व त्याची नोंद वहीत करावी. वास, रंग किंवा चव यांविषयी कोणी शंका घेतल्यास, ती व्यक्ती लहान मूल असले तरी, भोजन तत्काळ थांबवावे. एक दिवसाचे अन्न फुकट गेले तर त्याचा खुलासा देता येतो.

मुलाने औषध गिळल्याचा संशय येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. अंगावर औषध सांडले असल्यास कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी. औषधाचा डबा सोबत नेण्यास विसरू नये, कारण त्यावरील नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरविता येतात.

वर्गातील पाठ

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना अंगणात नेऊन साखरेचे चार दाणे मुंग्यांच्या वाटेजवळ ठेवावेत. रांग जमली म्हणजे ओल्या बोटाने ती वाट एके ठिकाणी आडवी पुसावी व मुंग्या तेथे येऊन कशा थबकतात, इकडेतिकडे कशा फिरतात व पुन्हा वाट कशी सापडते, हे मुलांना पाहू द्यावे. मुंग्यांच्या बिळाशी पीठ-साखर घालणारी वडीलधारी माणसे अजूनही गावोगावी आहेत. मेलेले किडे उचलून नेणारी व माती भुसभुशीत करणारी मुंगी अंगणात उपयोगीच असते. तिला अटकाव करावयाचा तो कोठीच्या उंबऱ्यावर. हा पाठ झाल्यावर मुलांना एक काम द्यावे. आपल्या घरी औषधाचे डबे कोठे ठेवले आहेत व त्यांवरील चौकोनाचा रंग कोणता आहे, हे डब्यांना हात न लावता मोठ्या माणसांकडून विचारून यावे. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत; ज्या घरी औषध चुलीजवळ, धान्याजवळ किंवा खाटेखाली ठेवलेले आढळेल, त्या घरी शिक्षकाने त्याच आठवड्यात भेट द्यावी.