दाताभोवतीचे हाड कोण झिजवते?

लेखमाला : देहाचे संरक्षण – भाग ७

हिरडीतून रक्त येऊ लागले की बरेच जण त्या बाजूला ब्रश फिरवायचे टाळतात. हिरडी दुखावली आहे, तिला विसावा द्यावा, असा विचार त्यामागे असतो. नेमके याच काळात हिरडीच्या आत काय चालू असते हे कळले, तर हा विसावा किती महागात पडतो ते लक्षात येईल. त्यासाठी गेल्या आठवड्यात ओळख झालेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे पुन्हा वळू.

दात हा शरीरातला एक अपवाद आहे. त्वचा किंवा आतले अस्तर भेदून बाहेर आलेला दुसरा टणक भाग आपल्याला नाही. गालाच्या आतले अस्तर सतत झडत असते आणि त्यावरचे जंतूही त्याबरोबर निघून जातात. दाताचा पृष्ठभाग झडत नाही. त्यामुळे जंतूंचा चिकट थर, म्हणजेच प्लाक, त्यावर साचत राहतो. दाताच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठाही नाही. म्हणजे जंतू शरीराला खेटून बसलेले, पण शरीराच्या बाहेर! प्रतिकारशक्तीपुढची खरी अडचण ही आहे.

म्हणूनच अगदी निरोगी हिरडीतही न्यूट्रोफिल पेशी अखंड येत असतात. अस्थिमज्जेत तयार झालेल्या या पेशी रक्तातून हिरडीच्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोचतात, वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात आणि दात व हिरडी यांच्यामधल्या बारीक खाचेत उतरतात. अशा सुमारे ३० हजार पेशी दर मिनिटाला तोंडात येतात, असा अंदाज १९७०च्या सुमारास मांडला गेला. तिथे त्या जंतू गिळतात, जंतुनाशक द्रव्ये सोडतात आणि थोड्याच वेळात मरतात.

हा पहारा असूनही प्लाक साचू दिला तर काय होते? डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. त्यांचा हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा स्वच्छ ठेवू लागल्यावर सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज पहिल्या टप्प्यात असेल, तर ती मागे फिरते.

प्लाक तसाच राहिला तर मात्र हिरडीतली गर्दी बदलत जाते. आधी न्यूट्रोफिल वाढतात, मग टी पेशी जमतात आणि काही आठवड्यांत बी पेशी व त्यांच्यापासून बनलेल्या, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचे प्राबल्य होते. जंतूंचा थर बाहेर शाबूत असल्यामुळे धोक्याचे संदेश थांबत नाहीत. या टी आणि बी पेशी रँकल नावाचे प्रथिन तयार करतात. त्याच्या प्रभावाने हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी मोठ्या संख्येने घडतात. एरवी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन रँकलला अडवून धरते; दीर्घकाळच्या सुजेत हा तोल बिघडतो. दाताभोवतीचे हाड हळूहळू खाली जाते आणि दात हलू लागतो. हे हाड जंतू खात नाहीत. जंतू निमित्त होतात. हाड विरघळवण्याचे काम आपल्याच पेशी करतात.

याचा एक ठळक दाखला श्रीलंकेच्या चहामळ्यांत मिळाला. दात घासण्याची नेहमीची साधने न वापरणाऱ्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्यांवर लोए यांच्या गटाने १९७०पासून १५ वर्षे लक्ष ठेवले. प्लाक आणि सूज सगळ्यांनाच होती. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. घाण सारखीच, परिणाम वेगळे! हा फरक केवळ प्लाकच्या प्रमाणावरून समजत नाही. प्रत्येकाचे शरीर त्याला कसा प्रतिसाद देते, तेही पाहावे लागते.

मग प्रतिकार कमी झाला तर हाड वाचेल का? एक दुर्मीळ जन्मजात आजार याचे उत्तर देतो. ‘लॅड-१’ या आजारात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटू शकत नाहीत, म्हणून हिरडीपर्यंत पोचतच नाहीत. अशा मुलांच्या दाताभोवतीचे हाड लहान वयातच नष्ट होते. जंतूंना रान मोकळे मिळते म्हणून असे होत असावे, असे वर्षानुवर्षे मानले गेले. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या निकी मुत्सोपुलोस यांच्या गटाने २०१४ साली वेगळे चित्र दाखवले. न्यूट्रोफिल हिरडीत आलेच नाहीत, तर सूज भडकवणाऱ्या इंटरल्यूकिन-१७ या संदेशद्रव्यावरचा लगाम सुटतो आणि ते बेसुमार वाढते. पुढे २०१७ साली याच आजाराच्या एका रुग्णाला सोरायसिससाठी वापरले जाणारे, इंटरल्यूकिन-१७ वाढवणाऱ्या साखळीला रोखणारे औषध दिले गेले आणि त्याच्या हिरड्यांची सूज ओसरली. हिरडीला न्यूट्रोफिल हवेतच. पण योग्य संख्येने आणि योग्य वेळेपुरते.

तुमच्या-माझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पेशींना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. त्यांना चिथावणारा थर मात्र रोज काढता येतो. हिरडीतून रक्त येत असेल तर मऊ ब्रशने तिथे अधिक नीट स्वच्छता करा आणि डेंटिस्टला दाखवा. ‘दात साफ करून घेतले की सैल होतात’ हा आपल्याकडचा समज मनातून काढून टाका. दातांवरचे कीट निघाल्यावर जाणवणारी हालचाल आणि फटी आधी झालेल्या झिजेच्या असतात; कीट त्यांना झाकून असते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आत हाड झिजत असूनही सारे ठीक वाटते. मिश्रीने हिरड्या मजबूत होतात, ही समजूतही घातक आहे. तो तंबाखूच आहे. झिजलेले हाड सहसा पूर्वीसारखे भरून येत नाही, पण झीज जिथे आहे तिथे थांबवणे बहुतेकांना शक्य असते. म्हणून दात हलण्याची वाट पाहू नका.

(पुढील भागात : मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना कसे बिघडवतात)