गुणवत्ता यादीत काय पाहिले जाते

नवी मुंबईत अकरावीला प्रवेश देताना विद्यार्थ्याची मुलाखत कोणी घेत नाही. वाशी, नेरुळ, पनवेल हा पट्टा मुंबई महानगर क्षेत्रात मोडतो. तेथे 2009 पासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने प्रवेश होतात आणि 2025 पासून हीच पद्धत साऱ्या राज्याला लागू आहे. दहावीचे गुण, आरक्षणाचा प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम यांवरून जागा ठरते. प्रवेश समितीकडे उरते ते मुख्यतः कागदपत्रे तपासण्याचे काम.

कोणते गुण धरायचे, हा मात्र खरा वादाचा विषय ठरला. 2008 मध्ये राज्य मंडळ आणि इतर मंडळांचे गुण एका मापात आणण्यासाठी शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. पुढच्या वर्षी राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. 2010 मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. उच्च न्यायालयाने तेही अमान्य केले, पण सर्वोच्च न्यायालयात ते तगले आणि आजही सर्वोत्तम पाच विषयांचे गुणच धरले जातात. करोनामुळे 2021 मध्ये दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा जाहीर केलेली अकरावीची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. दरवेळी टांगणीला लागली ती निकाल हातात घेऊन बसलेली मुले, आणि या साऱ्या वादातली ही सर्वांत अन्यायाची बाजू आहे.

गुणांच्या यादीबाहेरही काही दारे आहेत. त्याच संस्थेच्या शाळेतील मुलांसाठी इनहाऊस कोटा 10 टक्के, व्यवस्थापन कोटा 5 टक्के, अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी 50 टक्के. या शहराशी थेट जोडलेली तरतूद प्रकल्पग्रस्तांची. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि आगरी-कोळी गावांच्या शेती-मिठागरांवर नवे शहर उभे राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना समांतर आरक्षणातून काही जागा मिळतात. ही सवलत नव्हे, देणे आहे.

अभियांत्रिकीची गोष्ट वेगळ्या मार्गाने गुणांच्या यादीपाशीच पोचते. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली. नेरुळचे रामराव आदिक इन्स्टिट्यूट त्याच वर्षीचे. जागा वाढल्या तशी देणगीची कीडही वाढली. 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, तर 2015 च्या कायद्याने खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि शुल्क दोन्ही नियमनाखाली आले. आता एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हा मुख्य निकष आहे. खुल्या प्रवर्गात बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा ठरावीक विषय मिळून किमान 45 टक्के लागतात. संस्था स्तरावरच्या जागाही गुणक्रमानेच भराव्यात, असा नियम आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीला इतकी कमी जागा ठेवली गेली ती या इतिहासामुळे, आणि ते योग्यच झाले.

या चौकटीत विद्यार्थ्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात. एक पसंतीक्रम: अकरावीच्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून नामांकित नाव नव्हे, रोज जाता येईल आणि आवडेल असे महाविद्यालय वर लिहावे. दुसरी कागदपत्रे: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्रही. निकालानंतर सेतू केंद्रापुढे रांग लावण्यापेक्षा हे काम दहावी-बारावीच्या वर्षातच उरकलेले बरे. कित्येक हुशार मुलांची जागा गुणांअभावी नव्हे, वैधता वेळेत न मिळाल्याने हुकते.

खारघरच्या निफ्ट या फॅशन-डिझाइन संस्थेत मात्र मुलाचे काम डोळ्यांनी पाहिले जाते. डिझाइनच्या पदवीसाठी सर्जनशीलतेच्या परीक्षेला 50 टक्के, सामान्य क्षमता चाचणीला 30 टक्के आणि सिच्युएशन टेस्टला 20 टक्के भार असतो. या शेवटच्या चाचणीत दिलेल्या साहित्यातून ठरल्या वेळेत वस्तू घडवायची असते. परीक्षक तिची कल्पना, रचना आणि साहित्याचा वापर तपासतात.