नफ्यातल्या कंपनीचा शेवट

वाइनबर्ग आणि रॉथमन हे दोन सिगारेटवाले. आपापले धंदे एकत्र करून त्यांनी लंडनमध्ये येनिजे टोबॅको ही खाजगी कंपनी काढली. संचालक दोघंच, अधिकार समसमान. पुढे असं बिनसलं की दोघांचं बोलणंच बंद झालं. निरोप जायचे ते सेक्रेटरीमार्फत. एका वादात लवाद नेमला, त्यावर हजार पौंडांहून जास्त खर्च झाला आणि निर्णय आल्यावर रॉथमन तो अंमलात आणायला तयार होईनात. कंपनीचा नफा मात्र या काळात पूर्वीपेक्षा चढाच होता! तरीही १९१६ साली अपील कोर्टाने कंपनी गुंडाळण्याचा हुकूम कायम केला.

दिवाळं निघालं की कंपनी बुडते, हे कुणालाही ठाऊक असतं. आपल्याकडे कर्ज न फिटण्याचं कारण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेकडे गेलं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २७१ मध्ये त्याखेरीजची कारणं आहेत. भागधारकांनी स्वतःच विशेष ठराव करणं, देशाच्या सार्वभौमत्वाविरुद्ध वागणं, सलग पाच वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र न भरणं. फसवणूक हेही एक. इस्रोच्या अँट्रिक्सशी करार केलेल्या देवास मल्टिमीडियाचं विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच कारणावरून कायम केलं. सगळ्यात शेवटचं कारण सर्वात मोघम: कंपनी गुंडाळणं ‘न्याय्य आणि उचित’ आहे, असं न्यायाधिकरणाला वाटलं पाहिजे. येनिजे गुंडाळली गेली ती इंग्लंडमधल्या अशाच कारणावरून.

या मोघमपणाला आकार दिला तो गालिच्यांच्या एका भांडणाने. इब्राहिमी आणि नाझर भागीदारीत गालिचे विकत. १९५८ मध्ये त्यांनी धंद्याची कंपनी केली, शेअर निम्मे-निम्मे. मग नाझर यांचा मुलगा आला. दोघांनीही आपल्यातले थोडे शेअर त्याला दिले. इथेच पारडं झुकलं. १९६९ मध्ये बापलेकांनी साध्या बहुमताने इब्राहिमींना संचालकपदावरून काढलं. कंपनी लाभांश देतच नसे, नफा संचालकांच्या मानधनातून वाटला जाई. म्हणजे खुर्ची गेली आणि उत्पन्नही गेलं. ठराव कायद्यात चोख बसत होता. तरी १९७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी गुंडाळायला लावली. कागदावर कंपनी, पण आत विश्वासावर चालणारी भागीदारी. तिथे हक्क केवळ नियमावलीतून मोजता येत नाहीत, असा लॉर्ड विल्बरफोर्स यांच्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल फार शहाणा वाटतो.

भारतीय न्यायालयांनी हे तत्त्व मानलं, पण हात आखडता ठेवून. हिंद ओव्हरसीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळणं हा शेवटचा उपाय ठरवला. सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून दूर केल्यावर त्यांच्या कुटुंबाच्या शापूरजी पालनजी गटानेही भागीदारीसारख्या नात्याचा दाखला दिला होता. २०२१ मध्ये न्यायालयाने तो साफ नाकारला. एवढ्या मोठ्या, जुन्या कंपनीत नंतर भागधारक झालेला गट आणि दोन गालिचेवाले यांना एका मापाने मोजणं अवघडच होतं.

शिवाय न्यायाधिकरणाकडे मधली वाट असते. कलम २४२ नुसार एका बाजूचे शेअर दुसरीला विकत घ्यायला लावता येतात. कंपनी जगते, कामगारांची रोजीरोटी टिकते. भांडण मग उरतं ते शेअरच्या भावाचं. तो कसा ठरवायचा, याचं कलम करारात आधीच घाला, असं सीए सुचवतात, तेव्हा नव्या भागीदारांना ते अपशकुनी वाटतं.