कपाटातला नाग

परीकथा, जादूगार आणि उडते गालिचे यांना आमच्या घरात बरीच वर्षे मज्जाव होता. मुलांनी शास्त्रज्ञांची चरित्रे वाचावीत, प्राणिजीवनावरचे माहितीपट पाहावेत, असा आमचा दंडक. परंतु धाकटी कन्या नऊ वर्षांची झाली आणि तिच्या वर्गात हॅरी पॉटर नावाच्या चष्मेवाल्या मुलाने ठाण मांडले, तेव्हा त्या दंडकाला खिंडार पडले. २००४ चा पावसाळा नुकताच सुरू झाला होता. जे. के. रोलिंग यांच्या कादंबऱ्यांवरील मालिकेतला तिसरा चित्रपट पणजीत लागला होता. ‘वर्गात मीच तेवढी राहिले, बाबा,’ हे गाऱ्हाणे आठवडाभर ऐकून अखेर आम्ही तिला घेऊन निघालो. मनाने मात्र आम्ही प्रेक्षक नव्हतो, तपासनीस होतो.

चित्रगृहात ओल्या छत्र्या आणि पोरांचा गलका. पडद्यावर गरुडाच्या डोक्याचा घोडा आकाशात झेपावला तेव्हा आम्ही घड्याळ पाहिले. मग जादूच्या शाळेतला एक वर्ग आला. शिक्षकांनी वर्गात एक जुने कपाट आणून ठेवले आहे आणि त्यात एक मायावी जीव कोंडलेला आहे. समोर येणाऱ्याला ज्याची सर्वांत अधिक भीती, तेच रूप तो घेतो. त्याच्यावर उपाय एकच : त्या रूपाचे काहीतरी हास्यास्पद करून सोडायचे आणि मोठ्याने हसायचे. एका भित्र्या मुलापुढे त्याचे कर्दनकाळ मास्तर उभे राहतात, आणि पाहता पाहता त्यांच्या अंगावर मुलाच्या आजीचा पोशाख चढतो. दुसऱ्यापुढे आलेल्या अजस्र कोळ्याच्या पायांना चाके लागतात आणि तो घसरून पडतो. मग एक मुलगी पुढे होते, आणि त्या जिवाचा भला मोठा, फणा काढलेला नाग होतो. क्षणभराने त्या नागाचे स्प्रिंगवर डोलणारे विदूषकी बाहुले झालेले असते.

सारे चित्रगृह खदखदून हसले. आम्ही तेवढे हसलो नाही. मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी सोडता सोडता कन्येने विचारले, ‘बाबा, तुमच्यापुढे ते कपाट उघडले असते तर काय निघाले असते?’

‘काही नाही,’ आम्ही म्हणालो. ते खरे नव्हते.

आमचे मूळ गाव पेडणे तालुक्यातले. हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती उशिरा, १७८८ मध्ये, गेला. नव्या काबिजादीतल्या या भागात देवळे, जत्रा आणि दशावतारी नाटके टिकून राहिली. घाडी आणि मांत्रिकही टिकले. १९६८ च्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, आमच्या अकरा वर्षांच्या थोरल्या बहिणीला बांधावर पान लागले. सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून सर्पदंशाला आमच्याकडे ‘पान लागले’ असेच म्हणतात. सर्पविषावरचे प्रतिविष त्या काळी काही नवे नव्हते. मुंबईची हाफकिन संस्था ते कित्येक वर्षे तयार करीत होती. पण घरातून पहिले बोलावणे गेले ते मांत्रिकाला. रात्रभर मंत्र चालले. कोणी शंका काढली की तो दरडावी, ‘मनात अविश्वास आला तर गुण यायचा नाही.’ पहाटे म्हापशाच्या वाटेवर ताई गेली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतो. पुढे शिकलो, पणजीत नोकरीला लागलो आणि मनाशी ठरवले, की आपल्या घरात जादूचा वाराही येऊ द्यायचा नाही.

चित्रपट सुटल्यावर मांडवीच्या काठाने येताना कन्या तो कपाटाचा प्रसंग पुन्हा पुन्हा करून दाखवीत होती. तिचे ते आधी किंचाळणे आणि मग हसणे कोठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. घराशी पोचता पोचता आठवले : संकासुर!

त्या हिवाळ्यात तिला गावच्या जत्रेला नेले. देवळापुढच्या मांडावर मृदंग आणि पायपेटी वाजू लागली. गणपती आला, सरस्वती आली, आणि मग अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा घातलेला संकासुर धावत आला. पोरे आयांच्या पदरात शिरली. वेद चोरणारा हा राक्षस. पण तोंड उघडले की अस्सल गावच्या बोलीत भटजीची अशी काही फिरकी घेतो, की मघा रडणारी पोरेच पुढे सरकून बसतात. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो आणि पुढचे आख्यान सुरू होते. पहाटे दहीकाला झाला, तेव्हा कन्या आमच्या मांडीवर झोपली होती.

परतीच्या वाटेवर तिला ताईची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या मांत्रिकाला कोणी हसले नाही का?’

आमच्या तपासणीचा निकाल तिने एका वाक्यात दिला. कल्पिताला आणि अंधश्रद्धेला आम्ही इतकी वर्षे एकाच दावणीला बांधले होते. संकासुराला हसायची मुभा आहे. किंबहुना तो त्यासाठीच येतो. खेळ संपला की प्रेक्षक आपापल्या घरी जातात. मांत्रिकाच्या दारी हसू चालत नाही, प्रश्न चालत नाही, आणि तो डॉक्टरकडे जाणारी वाट अडवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे त्यात गुन्हा ठरवले आहे. गोष्ट सांगणे हा गुन्हा कोठेही नाही.

अर्थात हसण्याने विष उतरत नाही. संकासुराला हसणाऱ्या आमच्या गावानेच त्या रात्री मांत्रिकाला बोलावले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. दंश झाला तर दवाखानाच गाठायचा, हे मुलांना पहिल्यांदा शिकवावे. पण गोष्ट ऐकताना हसावे कोठे आणि प्रश्न विचारावा कोठे, हे ज्याला लहानपणी उमगते, तो पुढे कोणाच्या दरडावण्याला सहजी बधणार नाही, असे आता आम्हांस वाटते.

म्हापसा जवळ आले तेव्हा कन्येने आणखी एक प्रश्न केला : ‘आत्याचे नाव काय होते?’ सापाप्रमाणे तेही नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. छत्तीस वर्षांनी आम्ही ते प्रथम मोठ्याने उच्चारले.