विमानांचा सोहळा आणि कडेवरचे मूल

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. भारतीय वायुसेनेच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विमानांच्या कसरती होत्या. वेळ सकाळी ११ ते दुपारी १. लोक मात्र सकाळपासूनच वाळूत जागा धरून बसले होते. गर्दी सुमारे १५ लाखांची असल्याचे सांगितले गेले. वर ऊन, खाली तापलेली वाळू, समुद्राची दमट हवा आणि परतताना तुंबलेले रस्ते. त्या दिवशी पाच माणसांचा जीव गेला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. उन्हाचा त्रास हेच कारण तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले.

गेलेली पाचही माणसे मोठी होती. मोठ्या माणसाला तहान लागली तर तो पाणी मागतो, डोके दुखले तर सावली शोधतो. कडेवरचे दीड वर्षाचे मूल यातले काहीच करू शकत नाही. ते रडते, आणि थोड्या वेळाने रडायचे थांबते. ‘शांत झाले, झोपले’ असे आपल्याला वाटते. खरा धोका कित्येकदा तिथेच असतो.

म्हणून मुलांना विमाने दाखवूच नयेत असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुसेनेच्या कसरती झाल्या, तेव्हा लहानथोर सगळेच लोटले होते. आपल्या घरात मूल मागे ठेवायला माणूस नसतो, त्यामुळे आईवडील गेले की मूलही जाते. प्रश्न एवढाच, की नेताना काय तयारी हवी.

तंबू कशासाठी?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश या गावी १९७० पासून दर उन्हाळ्यात विमानांचा मोठा मेळा भरतो. जुलैच्या अखेरीस आठवडाभर चालणाऱ्या या मेळ्याला अलीकडच्या वर्षांत साडेसहा लाखांहून जास्त लोक येतात. हजारो कुटुंबे विमानतळाला लागूनच तंबू ठोकून राहतात. त्यांत रांगणारी, नुकती चालू लागलेली मुलेही असतात. तिथे पाण्याचे नळ, संडास आणि अंघोळीची सोय केलेली असते.

तंबूत राहिले की जास्त खेळ बघता येतो, असे कुणालाही वाटेल. लहान मूल सोबत असेल तर तंबूचा उपयोग नेमका उलटा आहे. खेळ अर्धा सोडून परत जायला जवळ जागा असते, हा त्याचा खरा फायदा. तिथल्या मुख्य कसरती दुपारी होतात, आठवड्यात दोन दिवस त्या रात्रीही असतात. दुपार ही लहान मुलाच्या झोपेची वेळ आणि रात्रीचा खेळ म्हणजे जागरण. झोप मोडलेले मूल नीट जेवत नाही, पाणी पीत नाही. मुलाचे शरीर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे चालत नाही, म्हणून आपल्यालाच कार्यक्रम तोडावा लागतो.

एक सावधगिरी मात्र हवी. भर उन्हात बंद तंबू भट्टीसारखा तापतो. दिवसा मुलाला त्यात झोपवू नये. चारी बाजूंनी मोकळे छत बांधावे किंवा झाडाखाली चटई टाकावी. हाच नियम गाडीचा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी उष्णता वाढते. ‘झोपलंय तर राहू दे गाडीत’ असे कधीही करू नये. बाबागाडीवर जाड कापड टाकले तर आत हवा खेळत नाही, तेही टाळावे.

पाणी आणि ऊन

लहान मुलाचे अंग वजनाच्या मानाने जास्त उघडे असते, त्यामुळे बाहेरची उष्णता ते लवकर ओढून घेते. त्याला घामही मोठ्या माणसाएवढा येत नाही. शिवाय कडेवर घेतले की आपल्या अंगाची ऊब त्याला लागते ती वेगळीच.

मूल मागो वा न मागो, दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला दोन-चार घोट पाणी द्यावे. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर पाणी देऊ नये, पुन्हा पुन्हा अंगावर पाजावे. त्यासाठी आईनेही भरपूर पाणी प्यायला हवे. गर्दीत लघवीला जागा मिळत नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. तेव्हा जागा धरण्याआधी संडास कुठे आहे ते बघून ठेवावे.

ओआरएसची दोन पाकिटे सोबत ठेवावीत. एक लिटरचे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे, अर्धे-पाव करू नये. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरले तर फेकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त होऊ देऊ नये.

सहा तासांत लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजावे. मूल मलूल पडले, हाक मारल्यावर नीट बघत नाही, अंग भाजल्यासारखे तापले किंवा झटका आला, तर तो उष्माघात असू शकतो. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे काढावेत, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. तापाच्या औषधाने हा ताप उतरत नाही. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

कान

उन्हाचा त्रास दिसतो, कानाचा दिसत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांच्या कानावर क्षणभरही १२० डेसिबलच्या वरचा आवाज पडू नये. लढाऊ जेट विमान जवळून गेले तर आवाज याहूनही वर जातो.

कापसाचा बोळा घालून फारसा उपयोग होत नाही. लहान मुलाच्या कानात बूचही घालू नये, ते काढून तोंडात घालण्याची भीती असते. डोक्यावरून कानांवर बसणारे, मुलांच्या मापाचे संरक्षक मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर अंतर हेच औषध. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. म्हणून पुढची जागा मोठ्यांना राहू द्यावी, मूल घेतलेल्याने मागे थांबावे आणि लाउडस्पीकरपासून दूर बसावे. आपल्या मिरवणुकीतल्या डीजेलाही हाच नियम लागू आहे. स्पीकरच्या भिंतीपुढे बाळाला खांद्यावर घेऊन नाचवू नये.

रात्रीचा मुक्काम

मोकळ्यावर रात्र काढायची आपल्याला नवी नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर महापालिका मंडप, पाणी, फिरते संडास आणि वैद्यकीय पथके ठेवते, तरीही कडेवरच्या मुलाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. तंबू असो की मंडप, नियम एकच आहेत.

जमीन ओली असेल तर आधी प्लास्टिक, त्यावर सतरंजी. ऑशकॉशला २०१० साली मेळ्याच्या तोंडावर एवढा पाऊस झाला की तंबूंच्या मैदानात चिखलच चिखल झाला. म्हणून जागा नेहमी थोडी उंचावरची घ्यावी. तंबूच्या आत शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह पेटवू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बंद जागेत डासांची कॉइलही लावू नये, मच्छरदाणी बांधावी.

सोबत दशम्या, केळी, उकडलेले बटाटे असावेत. सकाळचा भात दुपारपर्यंत उन्हात राहिला तर मुलाला देऊ नये. पावडरचे दूध कालवले तर दोन तासांत संपवावे, बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नयेत, ते घशात अडकतात.

निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढावा आणि त्याच्या दंडावर पेनाने आपला मोबाइल नंबर लिहावा. मूल हरवले तर या दोन गोष्टी सर्वांत आधी उपयोगी पडतात.

परतायची वेळ आधी ठरवा

मुंबईच्या कसरतींना तंबू ठोकता येत नाही. पण जवळ राहणारे नातेवाईक, ओळखीचे घर, एखादे विहार किंवा झाडाखालची जागा आधी बघून ठेवता येते. आपला तंबू तोच. घरून निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात : किती वाजता परतायचे आणि मूल कोण घेणार. एका लहान मुलामागे एक मोठे माणूस हवे आणि त्यांनी आळीपाळीने मूल घ्यावे. बाप आणि भाऊ पुढे जाऊन विमाने बघतात आणि आई तीन तास मूल कडेवर घेऊन उन्हात उभी राहते, हे चित्र बदलायला हवे. अर्धा तास बापाने, अर्धा तास आईने असे केले तर दोघांनाही आभाळ दिसेल.

मूल कंटाळले, डोळे चोळू लागले की निघावे. गर्दी फुटायच्या आधी निघालेल्या कुटुंबाला रस्ताही मोकळा मिळतो. शेवटची दोन विमाने राहिली तर राहू द्यावीत.